ताळेबंदातील दुकान आणि दुकानाखालची जमीन

किरकोळ व्यापार करणाऱ्या कंपनीचा ताळेबंद हाती आला, की आपली नजर प्रथम मालाच्या साठ्यावर आणि देणेकऱ्यांच्या यादीवर जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण रोज भरला जाणारा आणि रोज विकला जाणारा माल हाच त्या व्यवसायाचा प्राण होय. परंतु ज्या इमारतीत हा माल मांडला जातो, ज्या फळ्यांवर तो रचला जातो आणि ज्या फ्रीजरमध्ये दूध-लोणी टिकते, त्या सर्वांचे मोल स्थिर मत्तेच्या सदरात नोंदलेले असते, आणि घसाऱ्याची आकडेमोड बरोबर आहे एवढे पाहून बहुतेक वाचक त्या सदरावरून पुढे सरकतात. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हिशेबतपासणीचे काम करणाऱ्या व्यवसायबंधूंना आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की दुकान ज्या जमिनीवर उभे आहे तिचा हक्क कोणाचा आणि किती मुदतीचा, हे मूळ दस्तऐवजात वाचल्याखेरीज या सदराचा अर्थ लागत नाही.

मुंबईत वाढलेल्या दोन कंपन्यांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. एव्हेन्यू सुपरमार्ट्सने 2002 साली पवई येथे डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. दुकानाची मिळकत प्रामुख्याने स्वतःच्या मालकीची असावी, आणि ते न साधल्यास तीस वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने जमीन घेऊन तिच्यावरील इमला तरी आपला असावा, असे या कंपनीचे जाहीर धोरण आहे. या धोरणात भांडवल फार मोठ्या प्रमाणात अडकून पडते आणि विस्तार सावकाश होतो (31 मार्च 2025 रोजी दुकानांची संख्या 415 होती). पण विक्री मंदावलेल्या वर्षी भाडेवाढीचा तगादा लावणारा मालक दाराशी उभा राहत नाही. फ्यूचर रिटेलची बिग बझार दुकाने मात्र मुख्यतः भाड्याच्या जागांत होती. 2020 च्या टाळेबंदीत विक्री खुंटली, भाडी थकली, पुष्कळ जागांचे भाडेपट्टे रिलायन्स समूहाकडे गेले, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये त्या समूहाने दुकानांचा ताबा घेण्यास प्रारंभ केल्यावर त्याच वर्षीच्या जुलैत राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही दाखल करून घेतली. जागा गेल्यावर तिच्यातल्या फरशीला, छताला आणि विजेच्या जोडणीला काय किंमत उरते, याचा विचार प्रत्येक हिशेबनिसाने या प्रकरणावरून करावा.

1 एप्रिल 2019 पासून लागू झालेल्या इंड एएस 116 ने भाड्याच्या जागेचा वापर-हक्कही ताळेबंदात आणला हे खरे, आणि त्यासमोर भाड्याचे दायित्वही मांडले जाऊ लागले. तरीही मालकीची इमारत आणि वापराचा हक्क या दोन रकमांची बेरीज करून कंपनीच्या भक्कमपणाचा अंदाज बांधणे चुकीचे आहे, असे आमचे मत आहे. शिवाय आपल्या जिल्ह्यांतील बहुतेक व्यापारी कंपन्या इंड एएसच्या कक्षेबाहेरच्या आहेत. त्यांचे भाडे सरळ नफातोटा पत्रकात खर्ची पडते, आणि पट्टा किती वर्षांचा आहे हे ताळेबंदावरून कळतही नाही.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये 1974 साली घातलेल्या कलम 36-अ अन्वये अनुसूचित जमातीच्या व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासीस विक्री, बक्षीस, गहाण वा पट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने पूर्वमंजुरीवाचून देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा वा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि अन्य सर्व बाबतींत राज्य शासनाचीही पूर्वमान्यता लागते. हे कलम आदिवासी कुटुंबाच्या हाती त्याची जमीन राहावी म्हणून आहे आणि ते तसेच पाळले गेले पाहिजे. हिशेबात त्याचा परिणाम कसा होतो ते उदाहरणाने पाहू. अहेरी वा धानोरा येथे एखाद्या कंपनीने रीतसर मंजुरीने पाच वर्षांच्या पट्ट्यावर जागा घेतली आणि फरशी, पोटभिंती, छत, कायम जडवलेली कपाटे यांवर वीस लाख रुपये खर्च केले, असे समजा. कंपनी अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात फर्निचर व जोडसामानाचे आयुष्य दहा वर्षे दिलेले असल्याने हिशेबनीस दरसाल दोन लाख घसारा काढतो, आणि पट्टा संपतो त्या दिवशी पुस्तकात दहा लाखांची मत्ता शिल्लक दिसते. प्रत्यक्षात मात्र तिच्यातील काहीही उचलून नेता येत नाही. पट्ट्याच्या मुदतीसारखी कायदेशीर मर्यादा उपयुक्त आयुष्य ठरविताना विचारात घ्यावी, असे लेखामानक 10 आणि इंड एएस 16 ही दोन्ही सांगतात, आणि म्हणून येथे घसारा चार लाखांचाच असला पाहिजे. पट्ट्याचे नूतनीकरण होईलच, हा मालकाचा युक्तिवाद आपल्याला नेहमी ऐकावा लागतो. पण जे नूतनीकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या नव्या मंजुरीवर अवलंबून आहे, ते पट्टेदाराच्या हातातले आहे असे मानून हिशेब करणे आम्हांस मान्य नाही. सुट्या मांडण्या, फ्रीजर, जनरेटर यांची गोष्ट निराळी. त्या दुसऱ्या दुकानी हलविता येतात, म्हणून नोंदवहीत त्यांची नोंद स्वतंत्र हवी.

याहून बिकट प्रश्न झुडपी जंगलाचा आहे. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत, त्यात चंद्रपूर आणि गडचिरोली आलेच, सुमारे 86,409 हेक्टर जमीन महसुली दप्तरात झुडपी जंगल म्हणून नोंदलेली आहे, आणि तिच्यावर कित्येक ठिकाणी वस्त्या, कार्यालये व बाजारपेठा उभ्या आहेत. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच होय असा निर्णय दिला. 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने केलेल्या वाटपांसाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागावी, आणि त्यानंतरच्या वाटपांची कारणे द्यावीत, असे त्यात आहे. ज्या दुकानाचे खरेदीखत निर्दोष दिसते त्याच्याही जुन्या अधिकार-अभिलेखात झुडपी जंगलाची नोंद आढळू शकते, आणि तेव्हा वाटपाची तारीख हाच त्या मत्तेच्या मूल्याचा कळीचा मुद्दा ठरतो. चंद्रपूर शहरातील नझूल पट्ट्यांच्या जागांबाबतही मुदत व शर्ती मूळ आदेशावरूनच पाहाव्यात.

प्रत्यक्ष पाहणीचाही आळस होऊ नये. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच्या बाजारपेठेत पाणी शिरते. अशा पुरात भिजलेला काँप्रेसर पुस्तकात पूर्ण किमतीने राहिलेला असतो, आणि दुकानात जाऊन पाहिल्याखेरीज ते उमगत नाही.

कंपनी अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, ज्या स्थावर मिळकतीचे हक्कपत्र कंपनीच्या नावे नाही तिचा तपशील, ते कोणाच्या नावे आहे, केव्हापासून ती कंपनीकडे आहे आणि नावे न होण्याचे कारण काय, यांसह देणे आवश्यक केले आहे. जागा संचालकाच्या वडिलांच्या नावे आणि इमारत कंपनीच्या पुस्तकात, असा प्रकार आपल्याकडे इतका रूढ आहे, की तो लिहून देण्याचा पुष्कळांना संकोच वाटतो. हा संकोच सोडावा. येत्या मार्चअखेरच्या हिशेबावर सही करण्यापूर्वी प्रत्येक दुकानाचा चालू सातबारा अथवा आखीव पत्रिका, वर्ग 2 च्या जमिनीचे आदेश आणि कलम 36-अ खालील मंजुरीची प्रत आपल्या फायलीत आहे याची खातरजमा करावी, आणि जेथे ती नाही तेथे तसे टिपेत स्पष्ट लिहावे, अशी सर्व वाचकांना आमची विनंती आहे.