आकड्यांचे गट आणि खारजमिनीचा शेतकरी

अलीकडे गावोगावच्या सहकारी संस्थांची दप्तरे संगणकावर चढू लागली आहेत, ही इष्ट गोष्ट होय. वहीतील शेकडो आकडे क्षणात एकत्र येतात आणि 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असे त्यांचे गट पाडून तक्ता सिद्ध करणे हे एका कळीचे काम झाले आहे. परंतु गट पाडणे जितके सोपे झाले, तितका गटांच्या सीमा कोठे असाव्यात याचा विचार मागे पडत चालला आहे, असे आम्हांस दिसते. सीमा ही कागदावरची रेघ खरी. पण तिच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, यावर शेतकऱ्याचे सबंध वर्ष अवलंबून असते.

याचा दाखला जुनाच आहे. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले, तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा, असा नियम मुंबई इलाख्यात होता. सन 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात पीक चार आण्यांच्या वर आहे असे सरकार म्हणे व खाली आहे असे रयत म्हणे. त्या एका रेघेवरून सत्याग्रह उभा राहिला. आपला कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा, त्याच इलाख्यात होता.

आज शेतजमिनीचे गट सर्वांच्या तोंडी आहेत: एक हेक्टरच्या आत सीमांत, एक ते दोन अल्प, दोन ते चार निममध्यम, चार ते दहा मध्यम व त्यापुढे मोठा. सन 2015-16 च्या कृषिगणनेत देशातील शंभरांपैकी सुमारे 86 खातेदार पहिल्या दोन गटांतच सापडले. सन 1970-71 मध्ये सरासरी धारणा 2.28 हेक्टर होती, ती 1.08 वर आली; सीमांत खातेदाराची तर अवघी 0.38 हेक्टर भरली. अलिबाग-पेणच्या किनाऱ्यावर, जेथे भाताची खाचरे गुंठ्यांत मोजावी लागतात, तेथे दहा गुंठ्यांचा धनी व नव्वद गुंठ्यांचा धनी 'सीमांत' या एकाच पोत्यात भरले जातात. गणनेच्या सविस्तर तक्त्यात अर्ध्या हेक्टरची पोटसीमा आहे. पण चर्चेत येतो तो पाच ओळींचा तक्ता.

संगणक या बाबतीत स्वतःहून शहाणा होत नाही. एक्सेलमधील सारांश-तक्त्यास गट पाडावयास सांगितले, तर तो समान अंतराचे गट पाडतो. एखाद्या गावात एकच खाते बारा हेक्टरचे असले व अंतर दोन हेक्टरचे धरले, तर जवळजवळ सारा गाव पहिल्या गटात जाऊन पुढचे गट ओस पडतात. शिवाय सीमेवरचा आकडा हा तक्ता पुढच्या गटात घालतो, तर त्याच प्रणालीतील स्तंभालेख तो मागच्या गटात ठेवतो. नेमका एक हेक्टरवाला एका कागदावर अल्प, तर दुसऱ्यावर सीमांत ठरावा, हे कसे चालेल?

खारजमिनीत तर याहून नाजूक प्रश्न आहे. उघाडी नादुरुस्त झाली वा बांधाला खांड पडली, की भरतीचे पाणी आत येऊन माती खारावते. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता तीन डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली, की भाताचे उत्पन्न दर एककामागे साधारण 12 टक्क्यांनी घटते. सातच्या सुमारास ते निम्म्यावर येते. अशा नोंदींचे शून्य ते दहा, दहा ते वीस असे गट पाडले, तर चांगले खाचर व बुडीत खाचर एकत्र मोजले जाईल आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेले क्षारसहिष्णु बियाणे कोणास आधी द्यावे, हे त्या तक्त्यावरून कधीच कळणार नाही. येथे तीन, चार व आठ या सीमा पिकाच्या व मातीच्या स्वभावाला धरून आहेत.

म्हणून आमची संस्थांच्या चिटणिसांस विनंती आहे, की मूळ आकडा कधीही पुसू नये. गटाचे नाव त्याच्या शेजारच्या रकान्यात यावे. हव्या त्या असमान सीमा चढत्या क्रमाने वेगळ्या लहान तक्त्यात लिहून संगणकास त्यातून गट शोधावयास लावता येते. कागदावर एकदा मांडून पाहिले, की हे कोणासही जमेल. सीमेवरचा आकडा कोणत्या गटात धरला, हे तक्त्याखाली लिहावे. प्रत्येक गटात खाती किती व क्षेत्र किती, हे दोन्ही द्यावे. आणि सीमा ठरविताना ज्यांच्या खाचरांत भरतीचे पाणी येते, त्यांस सभेत आधी विचारावे. मदतीची यादी त्यांच्याच नावांची व्हावयाची आहे.