दिवेलागणीची पाच मिनिटे



या सदरात बियाणे, खते आणि कीड-रोग यांच्यापलीकडे मी सहसा जात नाही. आज वाट सोडून लिहितो आहे, त्याला कारण श्रीरामपूर तालुक्यातल्या एका भगिनीचा प्रश्न. त्यांच्या कांद्याची रोपे पाहायला गेलो होतो. पाहणी झाली, चहा झाला, आणि निघताना त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, तुम्हीबी आमच्याच चर्चचे, म्हणून विचारते. आमच्या घरात प्रार्थना राहिली नाही. सासूबाई होत्या तोवर रोज संध्याकाळी जपमाळ व्हायची. आता दूध घालायला जायचं, मग स्वयंपाक. वीज रात्रीची असली की हे मोटरीवर. पोरगा मोबाईलवर. शेजारी हरिपाठ सुरू झाला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं बघा."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. "रविवारी मिस्साला जाता ना, मग झालं की." गाडीवर बसल्यावर मात्र ते उत्तर मलाच बोचू लागले. कांद्याची मुळे उथळ. त्याला थोडे थोडे आणि वेळेवर पाणी लागते, हे आपणच सांगत फिरायचे, आणि या बाईंना सांगायचे काय, तर आठवड्यातून एकदा वाफा तुंबवा!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कॅथलिक घरातली संध्याकाळची मुख्य प्रार्थना म्हणजे जपमाळ, म्हणजेच रोझरी. तिचे पाच टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यात प्रभूची प्रार्थना एकदा आणि नमो मरिया दहा वेळा म्हणायची, आणि म्हणताना येशू व मरियामातेच्या जीवनातला एकेक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा. सोमवारी व शनिवारी आनंदाचे प्रसंग, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी व रविवारी गौरवाचे. गुरुवारचे प्रकाशाचे प्रसंग पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली जोडून दिले. सगळी जपमाळ पंधरा-वीस मिनिटांत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली कुटुंबाला घरातले चर्च म्हटले आहे. ते घरातले चर्च टिकायचे तर पंधरा मिनिटे काही जास्त नाहीत. पण शेतकऱ्याच्या संध्याकाळी पंधरा मिनिटे कुठून आणायची, हाच तर त्या ताईंचा प्रश्न होता.

माझे बालपण वसईकडच्या वाडीतले. केळी, पानवेल, भाजी आणि फुले. ओटीवरच्या कोपऱ्यात लाकडी आल्तार होता. त्यावर क्रूस, पवित्र हृदयाची तसबीर आणि मागे झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेली झावळीची पाती खोचलेली. आई मोगरा खुडायची तेव्हा पहिली ओंजळ बाजारच्या टोपलीत न टाकता आल्तारासाठी बाजूला ठेवायची. तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली की आजोबा हातातले काम खाली ठेवून, डोक्याचे फडके काढून उभे राहत. हात-पाय धुऊन झाले की सगळे घर ओटीवर. आम्ही पोरे पाळीपाळीने एकेक टप्पा सांगायचो. धाकटा हमखास चुकायचा, कोणी त्याला टोकत नसे. बाबा तिसऱ्या टप्प्याला बसल्या जागी पेंगायचे. आई त्यांना उठवत नसे. "दिवसभर वाफे खणलेत त्यांनी, देवाला ठाऊक आहे," एवढेच म्हणायची.

हे सगळे फार गोड होते असे मात्र समजू नका. मी सातवीत असताना विहिरीच्या पाण्यावरून बाबांचे आणि काकांचे बिनसले. कोणाचा पंप आधी चालायचा, एवढ्यावरून. दोन वर्षे दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. चुली वेगळ्या झाल्या. तेव्हा आजी म्हणाली, "चुली दोन करा नाहीतर चार, आल्तार एकच राहील." दोन्ही घरांना ती रोज त्याच ओटीवर बसवायची. एक या भिंतीशी, दुसरा त्या भिंतीशी. प्रभूच्या प्रार्थनेत, ज्यांनी आपला अपराध केला त्यांना क्षमा करण्याचा भाग येतो. तिथे आला की बाबांचा आवाज बसायचा, आणि पलीकडून काकाही गप्प व्हायचे. तेवढे शब्द आम्ही बायका-पोरेच म्हणायचो. एका जपमाळेत ही प्रार्थना सहा वेळा येते. दर संध्याकाळी सहा वेळा ते दोघे तिथे अडखळत राहिले. पुढे वाटणी झालीच, ती काही टळली नाही. पण मोजणीच्या दिवशी काका आपण होऊन म्हणाले, "विहीर मोजू नका, ती दोघांची राहू दे." ती अजून सामाईक आहे.

असे घर पाहिलेला मी, पण नोकरी लागल्यावर माझ्याच घरात जपमाळ सुटली. म्हणजे सुटली माझी. पत्नी आणि मुलगी रोज बसायच्या. मी दौऱ्यावरून येऊन आतल्या खोलीत अहवाल लिहीत बसायचो. मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. टप्पे वाटताना ती माझा म्हणून एक ठेवायची. "आता पप्पांचा," असे म्हणून थांबायची. आतून काही आवाज येत नाही असे पाहून मग स्वतःच तो म्हणायची. हे कितीतरी दिवस चालले. मी आत पेन हातात धरून ती शांतता ऐकत असे, आणि तरी उठत नसे. मुलीने माझी वाट पाहणे थांबवले असते तर मी कधीच उठलो नसतो, असे आज वाटते.

म्हणून त्या ताईंना मी फोन करून दुसरे उत्तर दिले. पूर्ण जपमाळ रोज जमत नसेल तर रोज एकच टप्पा म्हणा, दहा मणी. तीन-चार मिनिटे लागतात. घड्याळाची वेळ धरू नका. शेतीत घड्याळ टिकत नाही, वीज मंडळी ते टिकू देत नाहीत. एखादे न चुकणारे काम धरा. तुमच्याकडे दुधाची किटली डेअरीतून घरी येतेच, ती खाली ठेवली की प्रार्थना. पूर्ण जपमाळ शनिवारी करा. मालक मोटरीवर असतील तर त्यांच्या वाटचा टप्पा रिकामा सोडा, नाव घेऊन सोडा. ते बांधावर म्हणतील किंवा न म्हणतील, त्याची चौकशी करू नका.

आल्तारही पाहून आलो होतो. फ्रिजच्या वर, प्लॅस्टिकच्या फुलांमागे, धूळ बसलेला. तो खाली घ्या म्हटले, पोराच्या हाताला येईल असा. मेणबत्ती त्यालाच लावू द्या. मोबाईलचे भांडण प्रार्थनेच्या वेळी काढायचे नाही. थोरला पुण्याला असतो, त्याला त्याच मोबाईलवर जोडून घेतले तर उत्तमच.

शेवटी प्रत्येकाने एक मागणे मोठ्याने सांगावे. म्हैस आटली, सोसायटीचा हप्ता आला, पोटात दुखते, काहीही. घरातल्या माणसाच्या मनात काय चालले आहे ते पुष्कळदा तिथेच पहिल्यांदा कळते. कर्जाची गोष्ट बायकोपासून लपवणारे शेतकरी मी खूप पाहिले आहेत.

शेतीचे दिवसही आल्तारापाशी आणता येतात. शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर हे स्पेनमध्ये माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारे गडी होते. त्यांचा सण 15 मे, म्हणजे खरिपाच्या तोंडावर. त्या दिवशी पेरणीच्या बियाण्यातली मूठभर ताटलीत घालून देवापुढे ठेवावी. मात्र ते घरचे, औषध न लावलेले बियाणे असावे. बीजप्रक्रिया केलेले मुळीच ठेवू नये, ते विष आहे आणि लहान मुले ताटलीत हात घालतात. प्रार्थना आधी, बीजप्रक्रिया नंतर आणि ती घराबाहेर, हातमोजे घालून. मुंबईकडचे ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरात आगेरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करतात. आपल्याकडे बाजरीचे कणीस का चालू नये?

गेल्या पंधरवड्यात पुन्हा त्या वस्तीवर गेलो. आल्तार स्वयंपाकघराच्या दाराशी आला आहे, पुढे तांब्यात झेंडूची दोन फुले होती. ताई म्हणाल्या, चार दिवस होतं, तीन दिवस राहतं. पोरगा मेणबत्ती लावतो, पण बसतो दाराबाहेर, पायरीवर. मी म्हटले, पायरीवर बसू द्या.

कांद्यावर फुलकिडे दिसले. निळे चिकट सापळे लावायला सांगून आलो. कांद्यावरच्या फुलकिड्यांविषयी सविस्तर पुढील अंकी.