नेम कागदावर, नजर वाऱ्यावर

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव इथे ज्यांच्या घरात छऱ्याची बंदूक आहे, किंवा ज्यांचा मुलगा ती घेऊन द्या म्हणून मागे लागला आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ही बंदूक होल्यावर, बगळ्यावर, पोपटावर रोखू नका, कागदावर रोखा. आणि महागड्या सामानाला हात घालण्याआधी वारा वाचायला शिका.

पक्ष्यांवर छर्रे मारणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा ठरतो, हे बऱ्याच घरांत माहीतच नसते. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सरकारने एअरगन जमा करण्याची मोहीम सुरू केली आणि लोकांनी आपणहून हजारांवर बंदुका आणून दिल्या, कारण तिथली राने मुकी होत चालली होती. आपल्याकडे ती वेळ येऊ द्यायची नसेल, तर हातातल्या बंदुकीला चांगले काम द्यायला हवे. ते काम आहे बेंचरेस्ट नेमबाजी.

जड टेबलावर पुढे एक टेकू किंवा वाळूची पिशवी आणि मागे, दस्त्याखाली, दुसरी पिशवी ठेवायची. बंदूक त्यावर टेकवायची आणि खुर्चीत बसून नेम धरायचा. जागतिक स्पर्धांमध्ये एअर रायफलसाठी अंतर २५ मीटर असते. एका कागदावर २५ लहान लक्ष्ये, प्रत्येकावर एकच छर्रा, पूर्ण गुण २५०. अमेरिकेत जास्त जाड छऱ्याच्या बंदुकांनी १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, अशा स्पर्धा होतात. आपल्याकडे परवान्याशिवाय मिळणाऱ्या ४.५ मिलिमीटरच्या बंदुकीला २५ मीटर ही शाळा आणि ५० मीटर हे कॉलेज समजा. बंदूक टेकलेली असल्याने हात थरथरण्याचा प्रश्न जवळपास मिटतो. मग चुकवतो कोण? वारा.

थोडा हिशेब पाहू. साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटला आणि ताशी अकरा किलोमीटरचा, म्हणजे नुसता झुळकेसारखा, वारा बरोबर बाजूने आला, तर २५ मीटरवर तो दोन सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. तोच छर्रा ५० मीटरवर सात-आठ सेंटिमीटर सरकतो. अंतर दुप्पट झाले की सरकणे जवळजवळ चौपट होते. वारा तिरपा, नेमाच्या रेषेशी ३० अंशांत आला, तर परिणाम निम्मा होतो. समोरून किंवा पाठीमागून आला, तर आडवे सरकणे नगण्य.

छर्रा इतका का भरकटतो, तर त्याच्या घडणीमुळे. कमरेत आवळलेला आणि मागे पोकळ घेर असलेला छर्रा हवेच्या ओढीने सरळ राहतो, पण त्याच ओढीने त्याचा वेगही झपाट्याने मरतो. हवेने त्याला जितका उशीर केला, तितका वारा त्याला बाजूला नेतो. म्हणून ‘जास्त ताकदीची बंदूक घेऊ, वारा लागणारच नाही’ हा समज सोडून द्या. वेग आवाजाच्या वेगाजवळ, सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास, नेला तर छर्रा डगमगायला लागतो आणि होता तो नेमही जातो.

आता वारा वाचायचा कसा? खळ्यावर उपणणी करणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. वारा पडला की तो सूप थांबवतो, धार धरली की सोडतो. नेमबाजाने हेच करायचे आहे. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांत नेमबाजापासून १० आणि ३० मीटरवर वाऱ्याची निशाणे लावतात, पाच सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर लांब, हलक्या सुती कापडाची. तुम्हीही बांबूच्या कामट्यांना सुती पट्ट्या किंवा पतंगाच्या कागदाच्या शेपट्या बांधा. छर्रा ज्या उंचीवरून जातो त्याच उंचीला, पण त्याच्या वाटेच्या जरा बाजूला लावा. २५ मीटरवर तीन निशाणे पुरेत, आणि पहिले नळीच्या जवळ हवेच. सुरुवातीला मिळालेला धक्का छर्रा शेवटपर्यंत सोबत नेतो, म्हणून जवळचा वारा लांबच्या वाऱ्यापेक्षा जास्त नडतो. हातात धरायचे वारामापक यंत्र फक्त तुमच्या खुर्चीजवळचा वारा सांगते. वाटेतला वारा निशाणेच सांगतात.

मग एकच स्थिती निवडा. समजा, तिन्ही निशाणे उजवीकडे अर्धी उचललेली आहेत आणि ही स्थिती वारंवार येते. सरावाच्या लक्ष्यावर चार-पाच छर्रे टाकून त्या स्थितीत छर्रा कुठे पडतो ते पाहा, तेवढा नेम सरकवा, आणि तीच स्थिती आली की मगच घोडा दाबा. निशाण खाली पडले किंवा उलटले तर बोट बाहेर काढा आणि थांबा. प्रत्येक छऱ्यासमोर वहीत लिहा: निशाणे कशी होती, छर्रा कुठे गेला. अशी भरलेली वही कोणत्याही दुर्बिणीपेक्षा जास्त शिकवते.

आपल्या जिल्ह्याची हवा यासाठी उत्तम शिक्षक आहे. नवशिक्याने सकाळी लवकर, हवा पडलेली असताना बसावे आणि आधी बंदुकीचा खरा नेमकेपणा किती ते जाणून घ्यावे. ऊन चढले की जमीन तापून झुळका दिशा बदलायला लागतात, तेव्हा पुढचा धडा सुरू होतो. पावसाळ्यात तापीच्या खोऱ्यातून येणारा पश्चिमेचा वारा एका अंगाने वाहतो, पाऊस उघडलेला असेल तर ‘एक स्थिती’ शिकायला तो सोपा. वैशाखातल्या वावटळीत मात्र छर्रे वाया घालवू नका. त्या दुपारी दुर्बिणीतून मृगजळ पाहा. ते डावी-उजवीकडे वाहताना दिसले तर वारा त्या बाजूला आहे. जागच्या जागी उकळल्यासारखे वर चढले तर वारा पडला आहे, किंवा नेमाच्या रेषेतून येतो आहे.

सामानाचा क्रम असा ठेवा. पहिला खर्च छऱ्यांवर. चार-पाच प्रकारचे छर्रे थोडे थोडे आणा, वारा नसताना प्रत्येकाचे पाच-पाच मारून पाहा, आणि तुमची नळी ज्याला जवळजवळ एकाच भोकात बसवते तोच घ्या. दुसरा खर्च पक्क्या टेबलावर. हलणाऱ्या टेबलावर कोणतीही बंदूक चांगली नाही. पिशव्या गावच्या शिंप्याकडून जाड कापडाच्या शिवून घ्या आणि कोरडी चाळलेली वाळू भरा. तिसरी दुर्बीण. जवळच्या अंतरावर चित्र स्वच्छ करता येईल अशी सोय तिच्यात हवी, आणि बंदूक कलंडू नये म्हणून तिच्यावर पाण्याच्या बुडबुड्याची पातळी बसवा. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का मागे-पुढे दोन्हीकडे बसतो, म्हणून एअरगनसाठी बनवलेलीच दुर्बीण घ्या आणि बंदूक घट्ट आवळून धरू नका. दाबाच्या हवेची टाकी असलेली पीसीपी बंदूक टेकूवर जास्त शांत असते, पण तिच्या टाकीत तेल किंवा ऑक्सिजन कधीही जाऊ देऊ नका. स्फोट होतो.

आता सुरक्षितता. लक्ष्याच्या मागे मातीचा उंच, जाड बांध हवाच. दगडी भिंतीवरून छर्रा उलटा येतो, आणि चुकलेला छर्रा काही शे मीटर लांब जाऊ शकतो. डोळ्यांवर चष्मा लावा. कोणी पुढे चालत गेले की सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या. छर्रे शिशाचे असतात, ते तोंडात धरू नका आणि नंतर हात साबणाने धुवा. मुलाच्या शेजारी मोठे माणूस बसलेले असलेच पाहिजे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. तरी घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या आणि पावती जपून ठेवा.

हे आपल्या मुलांना जमेल का, अशी शंका धरू नका. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलमध्ये जागतिक सुवर्ण जिंकले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधून ५० मीटर रायफलचे कांस्य घेऊन आले. त्यांची रायफल वेगळी, पण वाऱ्याशी गाठ तीच. सातपुड्याच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या तीरकामठा चालवणाऱ्या घरांतल्या मुलांना अंतर आणि वारा यांची जाण घरातूनच मिळते. त्यांना कमी आहे ती कागदाची, वहीची आणि एका सुरक्षित जागेची.

म्हणून शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना, गावी परतलेल्या माजी सैनिकांना आणि ग्रामपंचायतींना सांगणे आहे: वस्तीपासून आणि वाटेपासून दूर, मागे मातीचा बांध असलेली पन्नास मीटरची एक पट्टी द्या. पोलिसांना कळवून आठवड्यातून एक सकाळ ठरवा. दोन टेबले, चार निशाणे आणि एक जबाबदार माणूस एवढ्यावर सुरुवात होते. पालकांनो, मुलाला नवी बंदूक घेऊन देण्याआधी महिनाभर त्याला निशाणांची वही लिहायला लावा. ती त्याने मन लावून लिहिली, तर त्याला बंदूक जरूर द्या.