कार्कासॉनचे तट

फ्रान्सच्या दक्षिण भागात कार्कासॉन नावाचे गाव आहे. तिथे टेकडीवर एक जुनी, तटबंदीची वस्ती आहे. तिला एकात एक असे दोन तट आहेत. दोन्ही मिळून लांबी सुमारे ३ किलोमीटर आणि बुरूज ५२! मी हे सारे चित्रांतूनच पाहिले आहे. तुम्ही कधी गेलात, तर नुसते बुरूज मोजून परत येऊ नका.

१८५० च्या सुमारास हे तट पडके झाले होते. सरकार ते पाडणार होते. गावचेच क्रो-मेरव्हिएय आणि लेखक मेरिमे यांनी विरोध केला, म्हणून ते वाचले. १८५३ पासून व्हियोले-ल-द्युक या वास्तुतज्ज्ञाने दुरुस्ती सुरू केली. त्याने बुरुजांवर टोकदार छपरे चढवली, तीही काळ्या पाटीच्या दगडाची. लहान मुले जिच्यावर अक्षरे गिरवतात, तीच पाटी! त्या भागात घरांवर कौले असतात, म्हणून अनेक जाणकारांनी त्याला दोष दिला. मला मात्र वाटते, छपरे चुकली असतील, पण तट उभे राहिले, हे थोडे नाही.

माझे मन दुसऱ्याच गोष्टीपाशी अडते. दोन तटांच्या मधल्या जागेत गरीब लोकांची घरे होती. तट पूर्वीसारखे दिसावेत म्हणून ती पाडली गेली. आज त्या मोकळ्या जागेत प्रवासी आरामात फिरतात. १९९७ मध्ये हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत आले. बुरुजांची माहिती कोणीही देईल. तुम्हांला वाटाड्या भेटला, तर आधी त्या घरांविषयी विचारा.