विश्लेषण : चाचणीत पास, प्रत्यक्षात नापास? ‘जँगो’ आणि डेटाबेस सुसंगततेचा प्रश्न

संकेतस्थळ तयार होते, सगळ्या चाचण्या यशस्वी होतात आणि प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी अर्ज अडकू लागतात. असे अनेकदा घडते. प्रत्येक वेळी दोष कोडमध्येच असतो असे नाही. चाचणी एका डेटाबेसवर आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्या डेटाबेसवर, हेही त्याचे कारण असू शकते. ‘जँगो’ या लोकप्रिय वेब फ्रेमवर्कच्या अलीकडच्या आवृत्त्यांमधील बदलांमुळे हा विषय समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

जँगो म्हणजे काय?

वेब अ‍ॅप्लिकेशन उभारण्यासाठी लागणारा तयार सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. लॉगइन, अर्ज, डेटाबेसशी संपर्क अशा नेहमीच्या गोष्टी त्यात आधीच असतात. जँगो हे पायथन भाषेतील फ्रेमवर्क. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकात काम करताना एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये त्याची सुरुवात केली. २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. इन्स्टाग्रामची उभारणीही जँगोवरच झाली.

एकच कोड, पाच डेटाबेस. मग अडचण कुठे?

जँगो पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी, ओरॅकल आणि एसक्यूलाइट या पाच डेटाबेसना अधिकृत पाठबळ देते. मारियाडीबीचा त्यात समावेश २०१९ च्या अखेरीस आलेल्या ३.० आवृत्तीपासून झाला. प्रोग्रामरने पायथनमध्ये लिहायचे आणि त्याचे त्या त्या डेटाबेसच्या बोलीत रूपांतर जँगोने करायचे, अशी ही सोय आहे. मात्र बोली बदलली की स्वभावही बदलतो. ओरॅकल रिकामा मजकूर आणि ‘माहितीच नाही’ यांत फरक करत नाही. मायएसक्यूएल सहसा इंग्रजी लहान-मोठी अक्षरे सारखीच मानते, पोस्टग्रेस वेगळी मानते. तक्त्यांच्या रचनेत बदल करताना मध्येच चूक झाली, तर पोस्टग्रेस सगळे पूर्ववत करू शकते; मायएसक्यूएलमध्ये काम अर्धवट राहू शकते.

सर्वाधिक फसगत होते ती एसक्यूलाइटमुळे. नवा जँगो प्रकल्प सुरू केला की आपोआप हाच डेटाबेस मिळतो. तो एका फाइलमध्ये मावतो, वेगळा सर्व्हर लागत नाही. पण रकान्याची लांबी तो पाळायला लावत नाही. समजा मोबाइल क्रमांकासाठी १० अक्षरांचा रकाना ठेवला आणि एक्सेलमधून आणलेल्या यादीत ‘+९१’ जोडलेले, १३ अक्षरांचे क्रमांक आले. जँगोचा अर्ज ही चूक पकडतो. पण माहिती अर्जातून न येता थेट कोडमधून साठवली, तर ती तपासणी होतच नाही. एसक्यूलाइट ते क्रमांक निमूटपणे ठेवून घेईल, पोस्टग्रेस नाकारेल. चाचणी हिरवी दिसेल आणि वापरकर्त्याला मात्र त्रुटीचा संदेश मिळेल.

चाचण्यांत काय सुधारले?

जँगो चाचणीसाठी वेगळा तात्पुरता डेटाबेस तयार करते, त्यामुळे खऱ्या माहितीला धक्का लागत नाही. नेहमीच्या चाचणीत केलेले बदल शेवटी मागे घेतले जातात. हे वेगवान असले तरी त्यात एक उणीव होती. ‘नोंद पक्की झाल्यावर एसएमएस पाठवा’ अशी सूचना असेल, तर चाचणीत नोंद कधी पक्की होतच नाही. मग एसएमएसचा भाग तपासणार कसा? २०२१ मधील ३.२ आवृत्तीने त्यासाठी सोय दिली. त्याच वर्षीच्या ४.० आवृत्तीत चाचण्यांचा क्रम मुद्दाम विस्कटण्याचा पर्याय आला. एक चाचणी नकळत दुसरीवर अवलंबून असेल, तर ते त्यातून उघड होते. त्याआधी २०१७ च्या २.० आवृत्तीने एसक्यूलाइटवरही तक्त्यांमधील परस्परसंबंधांचे नियम लागू केले.

खुद्द जँगोच्या हजारो चाचण्या वेगवेगळ्या डेटाबेसवर चालतात. कोणत्या डेटाबेसला काय जमते, याची नोंद कोडमध्येच असते. जे जमत नाही, त्याची चाचणी वगळली जाते.

मोडी लिपीचा संबंध काय?

एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीने मायएसक्यूएलशी संपर्कासाठी ‘यूटीएफ८एमबी४’ हा अक्षरसंच मूळ पर्याय केला. जुन्या संचात एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरी तेवढ्यात बसते, त्यामुळे मराठी मजकुराला अडचण येत नसे. इमोजींना मात्र चार बाइट लागतात. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या मोडी लिपीच्या अक्षरांनाही चारच लागतात. म्हणजे जुन्या दफ्तरांतील मजकूर मोडीतच साठवायचा असेल, तर जुना संच तो नाकारतो किंवा मायएसक्यूएलची सेटिंग सैल असल्यास मध्येच तोडतो. अर्थात जँगो बदलले म्हणून आधीचे तक्ते आपोआप बदलत नाहीत; ते वेगळे बदलावे लागतात.

अपग्रेड टाळता येईल का?

फार काळ नाही. ४.२ या दीर्घकालीन आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची, तर ५.२ ची एप्रिल २०२८ पर्यंतची आहे. ५.२ साठी पोस्टग्रेस किमान १४ लागते. म्हणजे फ्रेमवर्क बदलताना डेटाबेसही बदलावा लागू शकतो. हा खर्च छोट्या संस्थांना जड जातो आणि काम पुढे ढकलले जाते. जोखीम मात्र ज्यांची माहिती त्या संकेतस्थळावर आहे, त्या सामान्य वापरकर्त्यांनाही सोसावी लागते.

मग करायचे काय?

जो डेटाबेस प्रत्यक्षात वापरायचा, त्याच्या त्याच आवृत्तीवर चाचण्या चालवणे, हा साधा नियम आहे. त्याने चाचण्या थोड्या मंदावतात. पण जँगोत त्या समांतर चालवण्याची सोय आहे. संकेतस्थळ बनवून घेणाऱ्या संस्थांनीही कंत्राटदाराला ‘चाचण्या झाल्या का’ एवढेच न विचारता ‘कोणत्या डेटाबेसवर झाल्या’ हेही विचारायला हवे.