विश्लेषण : प्लॉट स्वस्त, पण संसार परवडेल का? गोसीखुर्द परिसरातील तरुण कुटुंबांनी घर कुठे करावे?

धरणात शेत गेले, घर गेले. मोबदला आला तो वडिलांच्या नावे, आणि त्यातला बराच खर्चही झाला. आता दोन लहान लेकरे घेऊन कुठे राहायचे, हा प्रश्न गोसीखुर्द प्रकल्पाच्या परिसरातील अनेक तरुण जोडप्यांपुढे आहे. पुनर्वसित गावठाणातच थांबावे, तालुक्याच्या गावी जावे, की थेट नागपूर गाठावे? बहुतेक जण प्लॉटचा भाव पाहून ठरवतात. पण तेवढ्यावर ठरवले तर फसगत होऊ शकते. ती कशी, आणि हिशेब नेमका कसा मांडावा, याचा हा आढावा.

हा प्रश्न आता पुन्हा का उभा राहिला?

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या या धरणाचे भूमिपूजन तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाले. सुरुवातीला ३७२ कोटींचा असलेला प्रकल्प पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. जलाशयाची पूर्ण पातळी २४५.५० मीटर. ती टप्प्याटप्प्याने गाठण्यात आली आणि तसतशी भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील गावे उठत गेली.

भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेले मूल आज पस्तिशी ओलांडून गेले आहे. त्याचे लग्न झाले, त्याला मुले झाली. पण गावठाणातला प्लॉट मिळाला तो त्याच्या वडिलांच्या कुटुंबाला, तेव्हाची डोकी मोजून. एका प्लॉटवर आज दोन-तीन चुली आहेत. ‘वाढीव कुटुंब’ या कोरड्या सरकारी शब्दामागे ही अडचण आहे. त्यामुळे एकदा उठलेले घर दुसऱ्यांदा उठण्याच्या बेतात आहे. फरक एवढाच की पहिल्या वेळी जागा सरकारने दाखवली होती, या वेळी ती स्वतः शोधायची आहे.

सरकारने काय दिले?

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ मध्ये कायदा केला. पुढे १९८६ आणि १९९९ चे कायदे आले. पुनर्वसित गावठाणात रस्ते, पिण्याचे पाणी, शाळा, वीज, स्मशानभूमी अशा नागरी सुविधा देणे शासनावर बंधनकारक आहे. ‘१८ नागरी सुविधा’ हा शब्दप्रयोग या भागातल्या प्रत्येक आंदोलनात ऐकू येतो तो त्यामुळेच. २०१३ मध्ये राज्य सरकारने गोसीखुर्दसाठी सुमारे १,१९९ कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले. त्यात नोकरीऐवजी एकरकमी रक्कम देण्याचाही भाग होता.

येथे एक मोठा बदल झाला. जमिनीऐवजी, नोकरीऐवजी रोख पैसे आले की निवडीचा भार कुटुंबावर येतो. धानाची बांधी दरवर्षी पिकते, एकरकमी पैसा एकदाच येतो. तो चुकीच्या जागी अडकला तर दुसरी संधी नसते. कोयना धरणग्रस्तांपैकी अनेकांना रायगड, ठाणे, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत नेऊन वसवले गेले, त्यांना फारशी निवड नव्हती. गोसीखुर्दच्या तरुणाला निवड आहे, पण ती करण्यासाठी लागणारी माहिती त्याला कोणी दिलेली नाही.

स्वस्त प्लॉट महाग कसा पडतो?

समजा, कुटुंबापुढे दोन प्लॉट आहेत. एक कामाच्या शहरालगत, दुसरा ४० किलोमीटर आत. आतला प्लॉट तीन लाखांनी स्वस्त आहे. या तीन लाखांवर वर्षाला आठ टक्के व्याज धरले तर २४ हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये वाचले. आता घरचा कर्ता रोज दुचाकीने कामाला जातो असे धरू. जाऊन-येऊन ८० किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस मोजले तर २,००० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर मिळाले तरी ४० लिटर पेट्रोल. लिटरचे शंभर रुपये धरले तरी महिन्याला चार हजार. म्हणजे स्वस्त प्लॉट महिन्याला दोन हजारांनी महाग पडला. रोजचे अडीच तास, गाडीची झीज आणि पावसाळ्यातला धोका वेगळाच.

हाच हिशेब उलटाही फिरतो. कर्ता उरलेली शेती करत असेल, जलाशयात मासेमारी करत असेल किंवा गावातच त्याचे दुकान असेल, तर शहरात भाडे भरून रोज गावाकडे येणे वेडेपणाचे ठरेल. डोंगा आणि जाळे पाण्याजवळच चालते. शिवाय नातलग शेजारी असले की लहान मूल आजीजवळ ठेवून आई कामाला जाऊ शकते. शहरात त्याच सोयीसाठी पैसे मोजावे लागतात. म्हणून ‘परवडणारे गाव कोणते’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काम कुठे आहे, हे आधी ठरवावे आणि प्लॉट त्यानंतर पाहावा.

मुलांचा विचार करताना काय पाहावे?

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. अडचण नववीपासून सुरू होते. आज अंगणवाडीत असलेली मुलगी दहा-बारा वर्षांनी कुठे शिकायला जाणार, याचा विचार प्लॉट घेतानाच करायला हवा. मुलाला दुचाकी किंवा सायकल मिळते, मुलीचे शिक्षण मात्र बस नाही म्हणून थांबते.

यासाठी एसटीचा थांबा किती दूर आहे, हे पाहणे फार महत्त्वाचे. राज्यात मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे अर्धेच तिकीट आहे. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. पण ज्या गावात एसटी येत नाही, तिथे या दोन्ही सवलती कागदावरच राहतात. फाट्यापासून तीन किलोमीटर आत असलेला प्लॉट घेणारे कुटुंब या सवलतींवर पाणी सोडते. भाव करताना ही किंमत कोणी धरत नाही.

रेल्वेचे उदाहरण याच भागातले आहे. उमरेड, भिवापूरवरून जाणारी नागपूर-नागभीड छोटी गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली. तिच्या स्वस्त तिकिटावर ज्यांचे कामधंदे बेतलेले होते, त्यांचे गणित एका दिवसात बदलले. प्रवासाची सोय केवळ एका गाडीवर अवलंबून असलेली जागा निवडताना दोनदा विचार करावा.

पवनी, उमरेड, भंडारा की नागपूर?

नागपुरात काम जास्त, दवाखाने जास्त, शाळांची निवड मोठी. पण हंगामी मजुरी करणाऱ्याला तिथले भाडे पेलत नाही. परवडते ती जागा शहराच्या अगदी कडेला असते आणि मग तिथून कामापर्यंतचा खर्च पुन्हा डोके वर काढतो. शिवाय गावाकडची शेती, आई-वडील आणि जलाशय यांपासून अंतर पडते.

भंडारा जिल्ह्याचे ठिकाण आहे. जिल्हा रुग्णालय, महाविद्यालये तिथे आहेत. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, वरठीचा रेल्वे थांबा आणि तिथला पोलाद उद्योग आसपास आहे. नागपूर ६० किलोमीटरवर. उमरेडला कोळसा खाणी आणि नागपूरशी रोजचा संपर्क आहे. पवनी तालुक्याचे गाव असल्याने तहसील, बाजार, माध्यमिक शाळा जवळ आणि जुने नातेसंबंध शाबूत राहतात, मात्र पगारी काम कमी आहे.

ज्यांचे एक पाऊल अजून शेतीत आहे आणि मुले दहा वर्षांखालची आहेत, अशा कुटुंबांसाठी तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे ठिकाण हा मधला मार्ग बहुतेक वेळा शहाणपणाचा ठरतो. नागपूरचा विचार तिथे पक्के काम मिळाल्यावर करावा. काम मिळेल या आशेवर बिऱ्हाड हलवणे धोक्याचे आहे.

जागा घेण्याआधी कोणती खातरजमा करावी?

सर्वात आधी, घाई करू नये. निवडलेल्या गावात वर्षभर भाड्याने राहून पाहावे. एक उन्हाळा पाहिला की पाण्याची टंचाई कळते, एक पावसाळा पाहिला की रस्ता कळतो. तोवर रक्कम बँकेत पती-पत्नीच्या संयुक्त नावाने ठेवावी. मोबदला आल्यावर मोटारसायकल, लग्न आणि उसनवारी यांत तो कसा विरघळतो, हे या भागाने पाहिले आहे.

दुसरे, कागद तपासावेत. सातबारा, अकृषक परवानगी आणि मंजूर लेआउट यांपैकी एकही कागद विक्रेता दाखवत नसेल तर प्लॉट कितीही स्वस्त असो, परत फिरावे. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे करून विकलेले प्लॉट पुढे नोंदणी, गृहकर्ज आणि नळजोडणी या तिन्ही ठिकाणी अडकू शकतात. मोठ्या लेआउटची महारेराकडे नोंदणी आहे का, हे मोबाइलवरही पाहता येते.

तिसरे, पूररेषा विचारावी. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या पुरात भंडारा शहरातील अनेक सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. निळ्या आणि लाल पूररेषेच्या आतले प्लॉट स्वस्त मिळतात, त्याचे कारण हेच असते. धरणाने एकदा उठवलेल्या कुटुंबाने पुन्हा नदीच्या तावडीत जागा घेणे हा दुहेरी घात आहे.

चौथे, पिण्याचे पाणी कुठून येते ते पाहावे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि या जलाशयात येते. पाणी दिसते म्हणून ते पिण्याजोगे असेलच असे नाही. नळयोजनेचा स्रोत आणि शुद्धीकरणाची सोय ग्रामपंचायतीत विचारता येते.

पाचवे, जुन्या गावाचे कागद सोबत न्यावेत. शाळेच्या दाखल-खारीज नोंदी, कोतवाल बुकातील जन्मनोंदी, वडील-आजोबांचे जमिनीचे कागद यांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवाव्यात. मुलांच्या जातपडताळणीच्या वेळी हेच कागद मागितले जातात, आणि बुडालेल्या गावाचे दप्तर शोधत फिरणे सोपे नसते. प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र जपावे, कारण शासकीय नोकरभरतीत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. रेशनकार्डाची मात्र फार चिंता नको, पोर्टेबिलिटीमुळे धान्य दुसऱ्या गावातील दुकानातूनही उचलता येते.

मग सरकारची जबाबदारी संपली का?

नाही. पुनर्वसन झाले की नाही हे आजवर बांधकामे मोजून ठरवले गेले. शाळेची खोली बांधली, सुविधा पूर्ण. टाकी उभी राहिली, सुविधा पूर्ण. पण खोलीत शिक्षक नसेल आणि टाकीत पाणी चढत नसेल, तर कुटुंब तिथे राहणार कसे? गावठाण ओस पडू लागले की ‘लोकच राहायला तयार नाहीत’ असे म्हणणे सोपे असते. लोक सुविधांच्या मागे जातात, यात त्यांचा दोष नाही.

दोन गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. एक, प्रत्येक पुनर्वसित गावठाणातून शाळेच्या आणि कामाच्या वेळी एसटीची एक खात्रीची फेरी. दुसरी, तालुक्याच्या ठिकाणी प्रकल्पग्रस्त कुटुंबांसाठी सल्ला केंद्र, जिथे प्लॉटचे कागद तपासून मिळतील, पूररेषेचा नकाशा पाहता येईल आणि दाखल्यांच्या प्रती एका जागी मिळतील. तिसरी गोष्ट खर्चाची आहे, पण ती टाळता येणार नाही. वाढीव कुटुंबांचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागेल. १८ हजार कोटींच्या वर गेलेल्या प्रकल्पात दुसऱ्या पिढीच्या घराचा खर्च फार मोठा नाही.

तोवर तरुण आई-वडिलांनी निदान आपला हिशेब आपण करावा. कागदावर चार आकडे लिहावेत : जागेचा किंवा भाड्याचा खर्च, कामावर जाण्याचा खर्च, मुलांच्या शाळेचा खर्च आणि पाणी-दवाखान्याचा खर्च. या चारांची बेरीज जिथे सर्वात कमी येईल आणि जिथे मुलीला बारावीपर्यंत घरून शिकता येईल, ते गाव परवडणारे. प्लॉट दाखवणारा दलाल यांतला पहिलाच आकडा सांगेल. उरलेले तीन त्याला विचारल्याशिवाय इसार देऊ नये.