विश्लेषण : इथेनॉल हरित, पण धानाच्या बांधीचा हिशेब काय?

पवनी तालुक्यातील अड्याळ परिसर धानाचा. अन्न महामंडळाकडील तांदूळ इथेनॉल प्रकल्पांना मिळू लागल्यापासून धान हे इंधनाचेही पीक ठरले आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठला. मात्र हे इंधन किती हरित, याचे उत्तर बांधीतील मातीत आहे.

कोणते वायू निघतात?

रोवणीनंतर पाणी साचून राहिले, की मातीतील प्राणवायू संपतो आणि जिवाणू मिथेन तयार करतात. युरियातील नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, तर नायट्रस ऑक्साइड सुमारे २७० पट तापमानवाढ करतो.

मोजणी कशी होते?

धानाच्या रोपांवर हवाबंद पेटी ठेवतात. ठरावीक मिनिटांनी सिरिंजने आतील हवेचे नमुने घेऊन ते गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रावर तपासतात. वायूचे प्रमाण किती वेगाने वाढले, यावरून उत्सर्जन काढतात. खत दिल्यावर किंवा बांधी सुकल्यावर आकडे एकदम बदलतात. त्यामुळे मोजणी हंगामभर करावी लागते.

मग उपाय काय?

बांधी अधूनमधून सुकू दिल्यास मिथेन घटतो, पण नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. म्हणून दोन्ही वायू मोजणे आवश्यक. शिवाय पाणी हवे तेव्हा सोडता-काढता यायला हवे. पावसावरच्या धानाला ते कठीण. मातीतून निघालेला वायू हिशेबात धरला नाही, तर इथेनॉलमुळे झालेली बचत कागदावर फुगलेली दिसेल.